निळं बटण

मी टॅब बोलतोय. सातवीच्या वर्गातला, कोपऱ्याला तडा गेलेला, तोच. घसा नीट नाही माझा, स्पीकरच्या जाळीत वंगण गेलंय. तरी बोलतो. कारण जिचं बोलणं माझ्यापाशी सांभाळायला दिलं होतं, ते आता माझ्यापाशी नाही.

शाळेत आलो त्या दिवशीच मुख्याध्यापकांनी मला कपाटात घालून कुलूप लावलं. "महागाची वस्तू आहे. पोरांच्या हाती दिली तर आठवड्यात खेळणं होईल." मी खोक्यातल्या खोक्यात म्हातारा व्हायला लागलो. मग विज्ञानाच्या बाई आल्या. वयाने लहान, आवाजाने मोठ्या. म्हणाल्या, "सर, खेळणं व्हावं म्हणूनच तर मागतेय." सर हसले. आणि एकदा हसल्यावर किल्ली द्यावीच लागते.

बाईंनी मला धडे दाखवायला जुंपलं नाही. मुलांना म्हणाल्या, "शाळेत तुम्हाला काय छळतं ते सांगा. त्यावर काहीतरी बनवा, आणि याच्यासमोर बनवा."

मुलांना छळायचा पाण्याचा कॅन. अंगणातल्या नळावरून वर्गात आणेपर्यंत निम्मं पाणी पायांवर सांडायचं. त्यांनी फळ्या ठोकून एक गाडा केला. तो दारापर्यंत ऐटीत यायचा आणि उंबऱ्याला अडखळून आडवा व्हायचा. मी दोन विटांवर उभा राहून प्रत्येक फजितीचा व्हिडिओ टिपायचो. मग बाई म्हणायच्या, "हळू लावा!" हळू लावलं की कुठलं चाक आधी उचललं जातं ते दिसायचं. बाईंचा आवाजही त्यात सापडलेला असायचा. तो राक्षसासारखा घोगरा व्हायचा आणि वर्ग हसून लोळायचा. बाई सगळ्यांत जास्त.

नियम एकच होता. चुकलेलं पुसायचं नाही, शेजारी नवीन करायचं. त्यामुळे माझं पोट पडलेल्या गाड्यांनी भरत गेलं. आणि बाईंच्या प्रश्नांनी. रोज सकाळी त्या मला समोर धरून एक प्रश्न बोलून ठेवायच्या. "चाक मोठं केलं तर उंबरा लहान होतो का रे?" उत्तर त्या कधीच सांगत नसत. ते मुलांनी मलाच बोलून दाखवायचं.

मोठी चाकं बसवायला त्यांनी आपल्या धाकट्या भावाला बोलावलं. त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. शाळा त्याने पाचवीतच सोडलेली. अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर मुंग्यांसारखी पांगायची, आणि मास्तरांच्या छडीने ती कधी रांगेत आली नाहीत. तो फाटकाशीच थबकला.

"आत ये की. शाळा चावत नाही."

"मला चावली होती, ताई."

मुलांनी लगेच त्याचं पंक्चरमामा असं बारसं केलं. गाड्याला त्याने सायकलची चाकं लावली आणि तरीही गाडा पडलाच. तो कपाळावर हात मारून बसला तेव्हा बाई म्हणाल्या, "वाचायला शिकवते तुला. रविवारी ये."

"रविवारी गिऱ्हाईक असतं. पुढच्या रविवारी."

"तुझा पुढचा रविवार कॅलेंडरात तरी असतो का?"

"मला कुठं वाचता येतं? कॅलेंडर तूच बघ."

त्याच दिवशी माझ्या पडद्यावर काहीतरी उमटलं आणि तो बावरला. बाई दारातून ओरडल्या, "घाबरतोस काय? काही विचारलं की निळं दाबायचं. निळं म्हणजे पुढे चला." ते त्याने मनात पक्कं बसवलं. ताईने शिकवलेलं त्याने मनावर घेतलेलं तेवढंच.

मग बाईंना ताप आला. साधा वाटला. दवाखान्यात गेल्या त्या चालत गेल्या, आणि परत आल्याच नाहीत.

वर्गातली चष्मिश मुलगी बाईंचा शेवटचा प्रश्न लावून बसली होती. भाऊ बाईंची पिशवी न्यायला आला होता. दारातच त्याने तो आवाज ऐकला. आत घुसून त्याने मला तिच्या हातातून हिसकावलं. त्याच झटापटीत मी पडलो आणि कोपरा गेला.

"अरे, शाळेची वस्तू आहे ती!" मुख्याध्यापक धावत आले.

"वस्तू ठेवा तुमची! आवाज माझ्या ताईचा आहे!"

पण आवाज काढून वस्तू परत कशी देणार? त्याने मला छातीशी धरून नेलं. कुणी अडवलं नाही.

दुकानात त्याने मला टायरांच्या ढिगावर ठेवलं. गिऱ्हाईक यायचं, हाका मारून जायचं. तो मला लावायचा. संपलं की पुन्हा लावायचा. ताई लवकर संपू नये म्हणून एकदा त्याने हळू लावून पाहिलं. तो घोगरा आवाज आला आणि त्याने मला घाईघाईने बंद केलं. "ही नाही. ही माझी ताई नाही." इथे हसायला कुणी नव्हतं.

एका दुपारी शटर अर्धं ओढून तो माझ्यासमोर बसला. मुलं बसायची तसा, मांडी घालून. चाकाचा प्रश्न लावला. ऐकला. मग त्याने बोलणं टिपायचं लाल बटण दाबलं आणि उत्तर द्यायला लागला.

"ताई, उंबरा तेवढाच राहतो गं. चाकाला तो लहान वाटतो. बरोबर का? चूक असलं तरी सांग. मी येतो रविवारी. या रविवारी येतो. शिकव मला…"

तेवढ्यात माझं पोट पूर्ण भरलं. मला जसं घडवलंय तसा मी वागलो. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आणल्या: जागा संपली आहे, जुनं सगळं काढून टाकू का? खाली दोन बटणं. एक राखाडी, एक निळं.

त्याने डोळे पुसले आणि निळं दाबलं.

मला ओरडता आलं असतं तर! मला गाणी वाजवता येतात, घंटा वाजवता येते. "थांब" एवढं म्हणता आलं नाही. त्याचं उत्तर राहिलं. प्रश्न गेला. सगळेच प्रश्न गेले, सगळे पडलेले गाडे गेले, बाईंचं हसणं गेलं. त्याने यादी वर सरकवली, खाली सरकवली. मग मला उलटं करून हलवलं, डब्यात काही अडकलंय का पाहावं तसं.

मोबाइल दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिलं आणि नुसती मान हलवली.

तो मला घेऊन शाळेत आला आणि उंबऱ्यावरच बसला. "मी पुसली तिला," मुलांना म्हणाला. "निळं दाबलं."

चष्मिश किंचाळली. "तो माझा प्रश्न होता! मी उत्तर द्यायचं होतं अजून!" तिने त्याच्या पाठीत बुक्के मारले. त्याने मारू दिले. दमल्यावर ती त्याच्याच शेजारी बसून रडली.

नंतर मुलांनी मला विटांवर ठेवलं आणि ती बाईंचे प्रश्न आठवून बोलू लागली. "'लहान होतो का' असं नाही, 'लहान होतो का रे' असं." "तू बाईंसारखं म्हणत नाहीयेस!" "मग तू म्हण!" कुणालाच जमलं नाही. भाऊ डोळे मिटून ऐकत होता.

आता तो रविवारी येतो. शाळा बंद असते, शिपाई फाटक उघडतो, चष्मिश शिकवते. माझी भाषा मुलांनी मराठी केली आहे. पडद्यावर काही आलं की तो बोट ठेवून एकेक अक्षर लावतो, आणि ते लागेपर्यंत कुठलंच बटण दाबत नाही.

परवा गाडा उंबरा ओलांडून आत आला. कॅन हलला, पण थेंब सांडला नाही. मुलं नाचली. मी ते टिपलं. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. पुसलेलं माझ्या पोटातून लगेच जात नाही. तिथवर जायची वाट पुसली जाते, पण माणूस तळाशी असतो, वर नवीन काही येऊन बसेपर्यंत. बाई होत्या तिथे आता तो गाडा आहे. जागा अडवून ठेवावी असं फार वाटलं. पण बाईंनी मला भरून घ्यायला शिकवलं होतं, कवटाळायला नाही.

तुमच्या हातातही माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याच्यावर फार विसंबू नका. ज्याचा आवाज हवाय त्याच्याकडे या रविवारीच जा.

मुलांच्या कल्लोळात, मी टिपलेल्या त्या व्हिडिओच्या शेवटी, एक जाडाभरडा आवाज ऐकू येतो. बाईंचा नाही. त्यांच्या भावाचा आहे.

"हळू लावा," तो म्हणतो. "हळू लावा रे."