अकरा नंबरचं पोतं

मी नशिराबादच्या तोताराम पाटलांची लता. जळगावच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले आणि १९५६ साली तिथंच बन्सीलाल सरांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राहिले. आबांनी त्यासाठी एक वर्ष दिलं होतं, तेही तोंड वाकडं करून. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, काही घडलं तर ठीक, नाहीतर बोदवडचं स्थळ. मुलगा वाईट नव्हता, घरची कापसाची जमीन होती. पण माझा जीव प्रयोगशाळेतल्या काचेच्या बश्यांत अडकला होता, त्याला मी काय करणार होते?

सरांच्या डोक्यात समुद्राचं शेवाळ भरलं होतं. त्यातून जंतू मारणारं औषध निघेल असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आता जळगावात समुद्र कुठला? मग सौराष्ट्रातल्या ओख्याच्या बंदरावरून मालगाडीनं पोती यायची. ते शेवाळ वाळवायचं, कुटायचं, स्पिरिटात भिजवायचं, गाळून अर्क आटवायचा. टीपकागदाची टिकली त्या अर्कात बुडवून, सुकवून बशीत ठेवायची. बशीत आधीच फोडाच्या पुवातले जंतू पेरलेले असायचे. टिकलीभोवतीचे जंतू मेले तर तिथं स्वच्छ वर्तुळ दिसायचं. गंमत म्हणजे जंतू ज्या थरावर वाढायचे तो अगरही शेवाळाचाच. मी एकदा म्हणाले, "सर, आपण जंतूंना शेवाळच जेवू घालतोय आणि शेवाळानंच मारायला निघालोय." सर हसले नाहीत. त्यांना हसायला वेळ नव्हता.

दहा पोती झाली, एकातूनही काही निघालं नाही. अकरावं पोतं भिजून आलं. कॉलेजच्या गच्चीवर माकडं काही ठेवत नव्हती, म्हणून मी ते एस.टी.च्या टपावर टाकून घरी नेलं. कंडक्टर वासाला वैतागला, मी त्याच्यावर वैतागले. आमच्या घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, ते खडखडीत वाळलं आणि दोन महिने माईच्या धान्याच्या खोलीत पडून राहिलं. दिवाळी झाल्यावर मी ते परत नेलं.

त्याच्या टिकलीभोवती वर्तुळ आलं. मी नुसत्या स्पिरिटाची टिकलीही शेजारी ठेवली होती, तिच्याभोवती काही नव्हतं. तीनदा केलं, तीनदा आलं. सरांनी उठून मला स्वतःची खुर्ची दिली, आणि मी खुळ्यासारखी रडले.

सरांनी मुंबईच्या एका संस्थेला सगळं लिहून पाठवलं. फाल्गुनात उत्तर आलं. दोन वर्षांसाठी मला बोलावलं होतं, राहायची सोयही होती, येताना त्याच शेवाळाचा ताजा माल घेऊन यावं असं लिहिलं होतं. आबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जा." आबांचं बोलणं एवढंच असतं, पण ते फिरत नाही. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर टेकत नव्हते.

ताजं पोतं आलं. तोच किनारा, तीच जात. वर्तुळ नाही. पुन्हा केलं, नाही. चार वेळा केलं. सर म्हणाले, ऋतूचा फरक असेल. मी मान डोलावली.

घरी आले तर माय ज्वारी चाळत बसली होती. चाळणीत वाळलेला कडुनिंबाचा पाला उरला होता. किडा लागू नये म्हणून आमच्याकडे घरोघरी धान्यात घालतात तो. मी सहज बघत होते, तर ती म्हणाली, "तुह्या त्या समुद्राच्या पाल्यालेबी घातला होता मी. थरावर थर. पोरकिडा लागला असता तर तू माह्या नावानं बोटं मोडली असती. नेताना निवडून काढला बरं, कचरा नाही राहू दिला."

मोठी पानं तिनं निवडली होती. चुरा कुठं जाणार? तो शेवाळाबरोबर कुटला गेला.

दुसऱ्या दिवशी मी नुसत्या निंबाच्या पाल्याचा अर्क काढून टिकली ठेवली. वर्तुळ आलं.

आता मी पुरती कात्रीत सापडले. हे फक्त मला माहीत होतं. गप्प बसले असते तर मुंबई होती. मी साधू नाही; मी ताज्या शेवाळात मूठभर पाला मिसळून पाहिला. वर्तुळ आलं, अगदी हुबेहूब. आणि ते बघून कळलं की मुंबईला गेल्यावर मला रोज, दोन वर्षं, कुणाचं लक्ष नाही बघून ही मूठ टाकावी लागेल. बोदवडला निदान दार तरी आतून लावता आलं असतं. मुंबईत माझ्या बशीवर सगळ्यांचे डोळे असणार होते.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "पाला घातला कुणी?"

माईचं नाव घेतलं असतं तर सर इतकंच म्हणाले असते, "शेतकऱ्याच्या घरी पोतं ठेवू दिलं ही माझीच चूक." ते मला ऐकवलं नसतं. मी म्हणाले, "मी घातला. किडा लागेल म्हणून."

"शिकलेली मुलगी तू," सर म्हणाले. बस्स, इतकंच. त्यांनी त्याच दिवशी मुंबईला खरं काय ते लिहिलं. मी लिहिलं असतं त्यापेक्षा नीट लिहिलं, त्यासाठी मी त्यांना आजही मानते. आठ दिवसांत तिकडून दोन ओळी आल्या. माझी जागा रद्द.

घरी मी सांगितलं की जागा एका मुलाला दिली. माय मुंबईवाल्यांना दोन दिवस शिव्या घालत होती.

आखाजीच्या आधी बोदवडची मंडळी आली. मुलाची आई भिकुबाई बोलकी होती. मुलगी इतकी शिकली, घरकामाचं वळण आहे का, असं तिनं विचारलं. आबा खाकरले. माईनं पदर सावरला. माझ्या कॉलेजातलं तिला एकच सांगता येण्यासारखं होतं, तेच तिनं सांगितलं.

"तिच्या कॉलेजाचं समुद्राचं पोतं दोन महिने आमच्या घरी होतं," ती म्हणाली. "आम्ही मायलेकींनी असं राखलं, एक किडा लागू दिला नाही. त्याच पोत्यातून हिनं औषध शोधलं, मुंबईचं पत्र आलं होतं. हो ना गं लता?"

तिचा चेहरा इतका फुलला होता. सगळे माझ्याकडं बघत होते.

"हो माय," मी म्हणाले, आणि चहाचे कप उचलायला वाकले.