सहावा वाटा

तुळसाने घरापुढच्या खळ्यात सहावा वाटा मांडला आणि लिलियनबाईंनी कपाळाला हात लावला. होडीवर माणसं पाच, बांगडे तीस, हे त्यांनी दोनदा बजावून सांगितलं होतं. बांगड्यांच्या जागी शिंपले दिले होते. पोरीने त्यांचे सहा वाटे घातले आणि शाबासकीच्या आशेने मान वर केली.

देवबागच्या शाळेत वर्ग चौथीपर्यंतच. पाचवीला मालवणात जावं लागे, म्हणून हेडमास्तरांनी बाईंना घरोघर धाडलं होतं. मुलं यंदा गणितात काय शिकली ते आईबापांना समजावून सांगायचं आणि पुढे कोणाला पाठवावं तेही. बाईंना हे काम आवडलं. नवं राज्य त्याच महिन्यात झालं होतं, शेर जाऊन किलो येत होते आणि लोकांना सगळ्याचंच कुतूहल होतं. एका घरी त्यांनी शहाळं फोडून अपूर्णांक दाखवला, दुसरीकडे ओटीवर दोरी ताणून मीटर दाखवला. लोक कौतुकाने ऐकत आणि चहा पाजत. सकाळपासूनच्या चहाने बाईंचं पोट डब्ब झालं होतं.

तुळसाच्या घरी मात्र काय सांगावं ते सुचेना. बेरीज, गुणाकार, साधा भागाकार, पोरीचं सगळं चोख. माणसांत वाटून द्यायचं गणित आलं की घोडं अडलंच. मुलांना सोपं जावं म्हणून बाईंनी वर्षभर अशीच गणितं घातली होती, होडीची आणि मासळीची. हौस बाईंची आणि गुण गेले बिचारीचे.

तुळसाचा बाप बाबली होडीचा तांडेल. पाच जणांच्या त्या होडीत शब्द त्याचा चाले. ओटीवर जाळं सांधत बसलेल्या बाबलीने हातातली सुई न थांबवता विचारलं,

"बाई, तुमी स्पष्ट सांगा. चेडू हुशार आसात तर मालवणाक धाडतंय. नायतर घरात कामां काय कमी आसत?"

तुळसाने फ्रॉकची कड मुठीत धरली. तिला पाचवीला जायचं होतं, ते तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं. बाईंना त्या डोळ्यांकडे बघवेना.

"तुळसा, हे वाटे कोणाकोणाचे ते सांग बघू," त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या.

तुळसा एकेका वाट्याला बोट लावत गेली. हा बाबांचा, हा लवूकाकांचा. मग धोंडूचा, सत्यवानचा, रोझारियोचा. सहाव्यापाशी ती अडखळली आणि तिने दारातल्या आईकडे, सत्यवतीकडे पाहिलं. सत्यवतीने घाईघाईने मान हलवून नको म्हटलं, पण तोवर पोर बोलून गेली होती.

"ह्यो आंतोन आज्याचो."

बाबलीची सुई थांबली.

आंतोन म्हणजे लिलियनबाईंचे वडील. त्या रत्नागिरीला ट्रेनिंगला असताना, हीच होडी किनाऱ्यावर ओढताना त्यांचा पाय तिच्याखाली सापडला. पुढे ते दर्यात गेलेच नाहीत. तरी रोज सकाळी काठी टेकत किनाऱ्यावर जायचे आणि मासळी घेऊन यायचे. लोक दया म्हणून चार मासे टाकतात, अशी बाईंची समजूत. गेल्या आठवड्यात त्या चिडून म्हणाल्या होत्या, मास्तरणीच्या बापाने लोकांपुढे हात पसरू नये. आंतोननी काठी दाराआड ठेवून दिली. त्या दिवसापासून ते किनाऱ्याकडे फिरकलेच नव्हते.

"दया खंयची, बाई?" बाईंनी हे सगळं सांगितल्यावर बाबली हळू आवाजात म्हणाला. "होडी आमी दोघांनी मिळान बांधली. पाय गेलो म्हणान वाटो जाता काय?"

सत्यवती आत गेली आणि एक लहान मडकं घेऊन आली. आत मिठात घातलेले बांगडे होते. आंतोन न्यायला येत नव्हते, म्हणून त्यांचा वाटा तिने रोजच्या रोज खारवून ठेवला होता.

बाईंनी मडकं दोन्ही हातांनी घेतलं. त्यांना लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. मडकं कमरेवर घेऊन त्या बाबलीकडे वळल्या. शाळेतला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"तुळसाचां गणित बरोबर आसा. ह्या होडीचां गणित घालताना मीच एक माणूस कमी घेतलंय. तिका पाचवीक धाडा."

बाबलीने लेकीकडे पाहिलं, मग शिंपल्यांकडे.

"धाडतलंय," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याला लागला.

संध्याकाळी आंतोन दर्याकडे पाठ करून खळ्यात बसले होते. बाईंनी मडकं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं.

"तुमचो वाटो, पपा," बाई म्हणाल्या. "फाल्या सकाळी तुमीच जावन घेवा."

मग त्यांनी दाराआडची काठी आणली, पदराने पुसली आणि त्यांच्या हाताशी टेकवून ठेवली.