पाण्याचा पंप

कामरगावचा जगदेव वांगी-टमाटे पिकवणारा माणूस. त्यानं घेतलेली पहिली कार पंधरा वर्षं जुनी, विदेशी अन् ऐसपैस होती. घेण्याआधी कारंजाच्या शालिकराम मिस्त्रीनं ती तपासून साफ सांगितलं होतं, "गाडी राजेशाही आहे, पण इचा पाण्याचा पंप कच्चा. तो गेला का इंजिन तापते."

तरी जगदेवनं ती घेतली. बायकोच्या, हौसाबाईच्या, कमरेचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तिला भाड्याच्या जीपचे हादरे सोसत नव्हते.

अमरावतीच्या दवाखान्यातून तिला आणायच्या आदल्या दिवशी गाडीखाली पाणी गळालेलं दिसलं. फोन जाताच शालिकराम नवा पंप घेऊन एसटीनं आला आणि अंगणातच त्यानं तो बसवला.

"उद्या मी बी येतो," तो म्हणाला.

"काहून? तुमचं गॅरेज?"

"एक दिवस बंद राहीन. रस्त्यात गाडी तापली, तं वहिनीले उन्हात ठेवान का?"

परतताना शालिकराम पुढच्या सीटवर बसून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून होता. काटा मधोमध राहिला. मागे आडवी झालेली हौसाबाई कित्येक दिवसांनी गाढ झोपली, ती थेट दारातच जागी झाली.

"आलो बी का?" तिनं विचारलं.

जगदेवनं मिस्त्रीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"भाऊ," हौसाबाई म्हणाली, "आज जेवल्याबिगर जाऊ नोका."