पुंजा येतो म्हणाला होता

"पास दाखवा," पाच थोरल्यांमधली सगळ्यात थोरली म्हणाली आणि तिने अदबीने मान झुकवली.

"पास दाखवा," योगिनीनेही मान झुकवली.

आता यात हसण्यासारखं काही नाही, बरं का. थिरगावात नमस्कार असाच करतात! दीड वर्षापूर्वी सातपूरच्या एका बंद कारखान्यात, जुन्या पॅकिंग शेडच्या मागच्या भिंतीत एक दार निघालं आणि दारापलीकडे भलतंच जग निघालं. कसं, कुठून, ते अजून कुणालाच कळलेलं नाही. त्या दिवशी अलीकडे ड्यूटीवर होता पुंजा वॉचमन. पेठ तालुक्यातल्या डोंगरातला, चौदा वर्षं सातपूरला नोकरी करूनही शहरी बोलणं न शिकलेला माणूस. दारातून राखाडी कातडीचं, ताडासारखं उंच, कान घडी करून ठेवता येणारं काहीतरी वाकून आत आलं. दुसरा कुणी असता तर बोंबलत पळाला असता. पुंजाच्या तोंडून निघालं, "ओ, पास दाखवा!"

पलीकडच्याला वाटलं, ही इथली रीत. तो हुरा. त्याने पुंजाकडूनच मराठी उचलली, तीही पुंजाची, डोंगरातली. त्यामुळे दिल्लीहून मोठमोठे साहेब आले तेव्हा त्यांची पंचाईत झाली. करार करायला आलेल्या मोहिनी मॅडम मूळच्या नाशिकच्या, पण त्यांनी "आपण आसनस्थ व्हावं" म्हटलं की हुरा कान पाडून नुसता बघत राहायचा. मग पुंजाची पोरगी योगिनी पुढे यायची. "बस रं हुरा." हुरा बसायचा. बापाला डबा द्यायला येता येता तिला तिकडची बोलीही बरीच कळायला लागली होती. अशी ती दुभाषी झाली. कागदोपत्री त्या जगाला एक लांबलचक नंबर होता. थिरगाव हे नाव पुंजानेच ठेवलेलं, कारण तिकडचा सूर्य थिर आहे. जागचा हलतच नाही. डोंगराच्या कडेला लालभडक होऊन टेकलाय तो टेकलाय. एका अंगाला कायमचं भाजणारं ऊन, दुसऱ्या अंगाला कायमचा काळोख, आणि मधल्या संध्याकाळच्या पट्ट्यात सगळी वस्ती, पाच थोरल्यांच्या कारभाराखाली.

जिथे सकाळ परत येत नाही, पावसाळा परत येत नाही, तिथला धर्म काय असणार? गेलं ते गेलं. निघणाऱ्याने पाठ फिरवून "गेलो" म्हणायचं. पुन्हा भेटलाच, तर तो नवा माणूस धरायचा. "मी परत येईन" असं म्हणणं म्हणजे महापाप. आणि तिकडे बोललेला शब्द म्हणजे बोललेला शब्द. तोंडातून निघाला की माणूस त्याला बांधला गेला.

तर त्या दिवशी अकरावी बैठक होती. दार कुणी बंद करायचं नाही, हत्यार घेऊन कुणी ओलांडायचं नाही, असा करार जवळपास ठरला होता. मोहिनी मॅडमचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा फुलला होता. बैठक संपली. रीतीप्रमाणे एकेक जण पाठ फिरवून "गेलो" म्हणत निघाला. हुराची पाळी आली. त्याने पाठ फिरवली नाही. थोरल्यांकडे तोंड करून, कान ताठ करून, तो खणखणीत मराठीत म्हणाला,

"येतो."

आणि मग बाहेरून, दगडी कुंपणाच्या पलीकडून, हुराने तो एक शब्द शिकवलेल्या तीस-चाळीस पोरांचे आवाज आले. "येतो. येतो. येतो."

"हे काय चाललंय?" मॅडम पुटपुटल्या. "आपल्यासारखं बाय-बाय करतायत का?"

योगिनी हुराकडेच बघत म्हणाली, "बाय-बाय नाही मॅडम. हे म्हणजे देवळात उभं राहून देव नाही म्हणण्यासारखं आहे."

दोन पहारेकऱ्यांनी हुराला धरलं. बैठक मोडली.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांचा निरोप आला. साधा आणि धारदार. 'मी परत येईन' असं म्हणणारा हा शब्द तुमच्या दारातून आला. तो तुमच्याकडे भरलेला आहे की पोकळ? भरलेला असेल, तर तुम्ही आमचा धर्म फोडायला आलात. करार नाही, आणि हुराला काळोखाकडे चालतं केलं जाईल. पोकळ असेल, तर हुराने नुसता आवाज केला, तो सुटला. पुंजाच्या लेकीने सभेत येऊन सांगावं.

काळोखाकडे चालतं केलेलं माणूस किती दिवस जगतं, ते कुणी मोजलेलं नव्हतं. गेलं ते गेलं.

"अगं, मग सोपंच आहे की," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने योगिनीला चहाचा कप दिला, म्हणजे बघा. "तू सांग, नुसती बोलायची पद्धत आहे. आणि खरंच आहे ना ते? आपण काय विचार करून म्हणतो का? हुरा वाचेल, करारही वाचेल."

"हो मॅडम," योगिनी म्हणाली. पण कप तिने तसाच खाली ठेवला.

कारण एक गोष्ट मॅडमना माहीत नव्हती. सात महिन्यांपूर्वी पुंजा ड्यूटी संपवून निघाला, दारातून हात हलवून म्हणाला, "येतो रं हुरा." सायकल स्टँडपाशी त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथेच आडवा झाला. तेरावं झाल्यावर योगिनी शेडमध्ये गेली तेव्हा हुराने विचारलं, "पुंजा कुठं हाय?" ती कशीबशी म्हणाली, "बा गेला."

आपल्याकडे मेलेल्या माणसाला कुणी मेला म्हणतं का? गेला म्हणतात. पण हुराला "गेला" म्हणजे फक्त गेला. "ठावं हाय," तो शांतपणे म्हणाला होता. "गेला. पण येतो म्हणला हाय." आणि तो दारापाशी जाऊन बसला. योगिनीने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. तिने नाही सांगितलं. खोटं कशाला बोला, तिला ते आवडलं होतं. दोन जगांत मिळून एक तरी जण असा होता, ज्याच्या लेखी बा अजून यायचा होता.

सभेच्या दिवशी सकाळी ती वसाहतीतल्या खोलीतून निघाली. आई, कुसाबाई, उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"आये, आपण निघताना येतो का म्हणतो गं?"

"मंग काय जातो म्हणायचं? सकाळी सकाळी काय आभद्र बोलती!"

"तसं नाही. त्याचा अर्थ काय?"

कुसाबाईने सूप थांबवलं. "अर्थ काय बाय... अंग चाललं, जीव हितंच ठिवला. सांभाळा. असाच आसंल." मग पुन्हा सूप हलवत, जरा रागानेच म्हणाली, "तुझा बा पन म्हणला व्हता मला त्या दिशी. लबाड."

योगिनीने चप्पल घातली. ओठावर आलेला शब्द तिने गिळला आणि काहीच न बोलता बाहेर पडली.

सभेआधी तिला हुराला भेटू दिलं. त्याला दगडाच्या एका खोल खड्ड्यात बसवलं होतं. वरून त्याचे नुसते कान दिसत होते. तिला बघून तो उभा राहिला तसा त्याचा चेहरा तिच्या पायांपाशी आला.

"पास दाखवा, योगिनीबाय."

"पास दाखवा. कसली रं अवदसा आठवली तुला? मनात ठेवायचं ना! मोठ्यानं कशाला बोललास?"

"पुंजा मनात बोलला का? मोठ्यानं बोलला." हुराचे कान हलले, म्हणजे तो हसत होता. "पुंजानं सांगितलं, तुमचा सूर्य रोज जातो आन रोज येतो. भात कापला तरी वर्षानं येतो. ते आयकलं आन मला वाटलं, मंग ह्या थोरल्या खोट्या हायेत. गेलं ते गेलं नसतं. आमचा सूर्यच आळशी हाय!"

"तुला काळोखात पाठवतील."

"पाठवू दे. येतो म्हणून जाईन." तो आणखी जवळ आला. "तू फकस्त खरं सांग. शब्द भरलेला हाय म्हण. बाहेर जे पोरं हायेत, त्यांना ते पायजे. मला बी."

"मी खरं सांगितलं तर तू मरशील, हुरा."

"मंग येईन की."

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. इतका राग, की त्या भरात ती त्याला सगळं सांगून टाकणार होती, पण पहारेकरी आला.

सभा भरली. दगडाच्या पायऱ्यांवर शेकडो राखाडी अंगं, सगळ्यांवर तो एकच लाल उजेड. कुंपणाबाहेर ती तीस-चाळीस पोरं, यावेळी गप्प. मोहिनी मॅडम पहिल्या पायरीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. आणि मधोमध हुरा. गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती: मराठी समजणारा त्यांच्यात दुसरा कुणी नव्हता. योगिनीची साक्ष हुराच्याच शब्दाबद्दल, आणि ती सभेला सांगायची हुराने. तो एक अक्षरही फिरवणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. फिरवता येणं ही कल्पनाच तिकडे नव्हती.

"शब्द भरलेला की पोकळ?" थोरलीने विचारलं. हुराने ते मराठीत केलं.

योगिनीने त्याच्याकडे बघितलं नाही. "पोकळ," ती म्हणाली. "नुसती रीत हाय. आमच्यात निघताना समदेच म्हणतात. येणारा बी म्हणतो, न येणारा बी म्हणतो."

हुराने आपल्या आवाजात, आपल्या बोलीत, ते सगळं सभेला सांगितलं. शब्दाला शब्द. पायऱ्यांवरून कुजबुज उठली. मॅडमनी सुस्कारा सोडला.

आता संपायला हवं होतं. पण हुरा थोरलीकडे वळला, विचारायची परवानगी मागितली, आणि ती मिळाली.

"योगिनीबाय," तो म्हणाला, "मंग पुंजा?"

"तो गेला, हुरा."

"ठावं हाय. गेला. कवा येनार?"

सात महिने घरात, वसाहतीत, गावाकडे, कुणीच खरा शब्द उच्चारला नव्हता. गेला, वारला, देवाघरी गेला, सुटला बिचारा. नुसत्या पांघरुणांचा ढीग! आणि इथे एकही पांघरूण चालणार नव्हतं.

"मेला," ती म्हणाली. "माझा बा मेला. त्याच दिशी मेला, सायकलपाशी. मी त्याला जळताना बघितलं. तो येनार नाय."

हुराने ते सभेला सांगायचं होतं. त्याचं काम होतं ते. त्याचे कान हळूहळू घडी होत गेले, आधी डावा, मग उजवा, आणि मग तो बोलला. योगिनीला त्यातलं "पुंजा" तेवढं ऐकू आलं. बाकीचं ऐकायचं तिने सोडून दिलं होतं. कुंपणाबाहेरून कुणीतरी एकदाच, लहान पोर रडावं तसं ओरडलं. मग पावलं वाजली. ती पोरं पांगली.

हुरा सुटला.

शेडमध्ये मॅडमनी तिला मिठी मारली. "वाचवलंस त्याला तू! कळतंय का तुला?" दिल्लीला फोन गेले. पेढे आले. कुणीतरी तिच्या हातात एक ठेवला, तो तिने तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

चार दिवसांनी बारावी बैठक. करार वाचायचा होता. हुरा आपल्या जागी होता. "पास दाखवा," तो म्हणाला. बस. पुढे ना कानांची हालचाल, ना काही.

मॅडम कराराचं एकेक वाक्य वाचू लागल्या, योगिनी ते सोप्या बोलीत सांगू लागली आणि हुरा थोरल्यांना. दार बंद केलं जाणार नाही. हत्यार आणलं जाणार नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी हुरा नाकातून एक बारीकसा आवाज काढत होता. ऊंम. थोरल्या माना डोलवत होत्या.

"छान चाललंय," मॅडम कुजबुजल्या. "ते ऊंम म्हणजे मान्य आहे, असंच ना?"

योगिनीने तो आवाज याआधी एकदाच ऐकला होता. एकदा दारापाशी बसल्या बसल्या पुंजाला डुलकी लागली होती आणि तो झोपेत काहीबाही बरळला होता. हुराने ते आपल्या सोबत्यांना सांगितलं होतं, आणि प्रत्येक वाक्याला हा आवाज लावला होता. झोपेतल्या माणसाच्या बोलण्याला तिकडे तो लावतात. ऐकायचं, मनावर घ्यायचं नाही.

"मान्य नाही मॅडम," ती म्हणाली. "आपण पोकळ बोलतो, हे मीच त्यांना सांगितलं. आता आपलं सगळंच तसं धरलंय."

"सगळं? अगं, मग हा करार?"

"झोपेतली बडबड."

मॅडमच्या हातातला कागद तसाच राहिला. मग त्यांनी पुढचं वाक्य वाचलं, कारण दुसरं काय करणार? योगिनीने ते सांगितलं. हुराने सांगितलं. ऊंम. बाहेर लाल सूर्य होता तिथेच होता. कुंपणापाशी कुणीही नव्हतं.

शेवटचं कलम संपलं. थोरल्या उठल्या, पाठी फिरवून निघायला लागल्या. योगिनी हुराच्या जवळ सरकली. करारातलं नाही, मॅडमचं नाही, तिचं स्वतःचं असं एक वाक्य ती अगदी हळू बोलली.

"हुरा, मला तू जिता पायजे व्हता रं."

हुराने तिच्याकडे बघितलं. मग मान वळवली आणि निघालेल्या थोरल्यांना ते वाक्य त्यांच्या बोलीत नीट, स्वच्छ सांगितलं. एक अक्षरही न फिरवता. आणि त्याला शेवटी तो आवाज लावला.