आभाळबाजाराखालचा सारीपाट

मित्रांनो, कापडाला कधी हेवा वाटतो का, असं तुम्ही विचाराल. मी एक जुना सारीपाट आहे. चार हातांचा, लाल खणाच्या घरांचा, काठाला काळी गोठ घातलेला. मला हेवा वाटला. एकदा नव्हे, कित्येक वर्षं वाटला, आणि तोसुद्धा एका कागदाचा.

माझा जन्म वाईचा. माझी मालकीण राहीबाई. तिच्या आईने, अंबूबाईने, लेकीच्या लग्नाआधी मला शिवलं. दुपारी घाटावर धुणं वाळत पडलं की ती पायरीवर बसून माझं एकेक घर टाके घालून पुरं करायची. "सासर लांबचं, रानमाळाचं. करमलं न्हाई तर ह्येच्यावर खेळत बसा दोघं," असं म्हणत तिने मला लेकीच्या ट्रंकेत ठेवलं.

सासर होतं आटपाडीजवळच्या एका वाडीत. राहीबाईचा नवरा हंबीरराव पलटणीत होता. तो सुट्टीवर आला की पहिली हाक मला असायची. कवड्या खुळखुळायच्या, पंचवीसचं दान पडलं की राहीबाई टाळी वाजवायची, आणि तिची सोंगटी मारली गेली की हंबीररावाशी जेवण होईपर्यंत बोलायची नाही. शेजारपाजारचे लोक दारात उभे राहून म्हणायचे, "काय पाट हाय! राजाच्या घरात शोभंल." त्या दिवसांत मला जगात कुणाचाच हेवा वाटत नव्हता. माझाच सगळ्यांना वाटत असावा.

मग एकाहत्तरची लढाई झाली. हंबीरराव परत आला तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात बरेच महिने काढून. डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. तिथे लाकडी पाय बसवला होता. अंगणापलीकडे तो जाईना. लोक पायाकडे बघतात, म्हणायचा. राहीबाईने मला उलगडलं, कवड्या पुढे केल्या. त्याने त्या हाताने बाजूला सारल्या आणि आपल्या ट्रंकेतून एक गुंडाळी काढली.

तोच तो कागद.

मोठा जाड नकाशाचा कागद. त्यावर काळी शाई, ठिकठिकाणी तारे, ताऱ्यांभोवती ग्रह आणि त्यांना जोडणाऱ्या तुटक रेषा. जमिनीचा ओलावा लागू नये म्हणून हंबीररावाने खाली मला अंथरलं आणि माझ्या पाठीवर तो कागद पसरला. मित्रांनो, आपल्याच घरात आपण सतरंजी व्हावं, याहून मोठा अपमान कोणता?

त्या खेळाचं नाव आभाळबाजार. दवाखान्यातल्या कॉटवर पडल्या पडल्या सांगलीकडच्या अजितकुमार नावाच्या जवानाने तो रचला होता. माणूस चंद्रावर जाऊन आला होता, तेव्हा उद्या ताऱ्याताऱ्यांत बाजार भरेल, ही त्याची कल्पना. हंबीरराव, अजितकुमार आणि मेढ्याचा आकाराम हे तिघं तिथे शेजारी होते. घरी गेल्यावरही खेळ मोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. दर पुनवेला आणि अमावास्येला प्रत्येकाने आपली चाल पोस्टकार्डावर लिहून अजितकुमारला पाठवायची. तो सगळ्यांच्या चाली जुळवून कुणाचं जहाज कुठे पोचलं, कुणाला काय मिळालं ते उलट टपाली कळवायचा.

पोस्टमन आला की हंबीरराव उजळायचा. कागदावर जहाजं म्हणून ठेवलेले चिंचोके सरकवायचा, स्वतःशी हसायचा, पुटपुटायचा. राहीबाईशी मात्र "चहा ठेव" यापलीकडे बोलणं नव्हतं. मी खालून ऐकत होतो. ती चुलीपुढे बसून काय बघत होती, ते मला कळत होतं. आम्ही दोघं एकाच दुःखात होतो.

एके सकाळी ती आली ती हातात काडीपेटी घेऊनच. कागदापाशी उभी राहिली. काडी काढली. मी मनात म्हटलं, ओढ बाई, लवकर ओढ! मी जळालो तरी चालेल, पण हा जाऊ दे.

तिने काडी ओढली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "आवं, मला बी घ्या ह्यात."

हंबीररावाने मान वर केली. "तुला? ह्ये सारीपाटासारखं सोपं न्हाई, राहे."

"मग शिकवा. आयच्या पोटातनं शिकून आला हुता काय तुमी?"

त्याला हसू आलं. लढाईवरून आल्यापासून बायकोच्या बोलण्यावर तो पहिल्यांदा हसला. मग त्याने तिला जवळ बसवून घेतलं. "नव्या गड्याला एक तारा मिळतो, एक लहान जहाज, थोडं धान्य आन् थोडं इंधन. आधी आपल्या ताऱ्याचं नाव ठेव."

"माहेर," राहीबाई लगेच म्हणाली. "तिथनं मला कुणी हाकलायचं न्हाई."

"बरं. आता बघ, ज्याच्याकडं जे न्हाई त्ये त्याला न्यायचं. लांबच्या ताऱ्यावर भाव चांगला, पर तिथं पोचायला इंधन लय लागतं. सुरवातीला शेजारच्याशीच सौदा करायचा. भांडायचं तर अजिबात न्हाई."

राहीबाईने ऐकलं, मान डोलावली आणि पहिल्याच चालीला सगळ्यात लांबच्या ताऱ्यावर जहाज धाडलं. धान्य देऊन लोखंड भरलं. जहाज गच्च झालं. पण परतायला इंधन उरलं नाही. पुढच्या कार्डात अजितकुमारचा निरोप आला, "राहीवहिनींचं जहाज अंधारात अडकलं आहे."

मला काय आनंद झाला! वाटलं, आता ती कंटाळेल. पण ती कंटाळली नाही. तिला आणि मला एकच रोग होता, पण औषध तिने निराळं घेतलं. नवऱ्याकडे इंधन मागितलं.

"निम्मं लोखंड दे, मग देतो," हंबीरराव म्हणाला. "बाजारात नवरा-बायको नसतं."

तिने मग मेढ्याच्या आकारामला कार्ड लिहिलं. आकारामचा उजवा हात लढाईत गेला होता. डाव्या हाताने लिहिलेलं त्याचं अक्षर वाकडंतिकडं, पण मोठं आणि स्वच्छ. उत्तर आलं, "वैनी, इंधन घ्या. परतफेड नको. नवा गडी बुडाला तर खेळ कुणाशी खेळायचा?"

राहीबाईचं जहाज सुटलं. पुढे तिची आणि आकारामची गट्टी जमली. दोघं मिळून माल नेऊ लागले. आता पोस्टमन आला की ती धावत अंगणात जायची. आणि मित्रांनो, हेवा काही माझ्या एकट्याचा उरला नाही. हंबीरराव चिंचोके आपटायला लागला. "माझ्याशी सौदा जमत न्हाई, त्या मेढ्याच्याशी बरा जमतोय!"

"त्यो अडल्याला सोडवतो," राहीबाई म्हणायची. "तुमी अडल्याला पिळता."

असं वर्षभर चाललं. मग आकारामची कार्डं यायची थांबली. एक पुनव गेली, अमावास्या गेली, आणखी एक पुनव गेली. अजितकुमारने कळवलं, "आकारामची चाल लागोपाठ चुकली. नियमाप्रमाणे त्याचा तारा बेवारस झाला. जो आधी पोचेल त्याने कोठार रिकामं करावं." सगळ्यांत जवळ राहीबाईचं जहाज होतं.

"घे की," हंबीरराव म्हणाला. "डाव जिंकशील."

राहीबाईने चिंचोका उचलून मुठीत धरला. "माणूस हाय का न्हाई त्येचा पत्ता न्हाई, आन् त्येचं कोठार लुटू? मी मेढ्याला जाती."

"एकलीच?"

"तुमी तर अंगणाबाहेर येत न्हाई."

 हंबीरराव लाकडी पायाचा पट्टा चाचपत बसला. मग म्हणाला, "त्या आकारामकडं तू एकली जाणार व्हय? माझी टोपी कुठं हाय?" जे वैद्याला, नातेवाइकांना, देवाच्या नवसाला जमलं नव्हतं, ते आकारामबद्दलच्या हेव्याने केलं. गडी घराबाहेर पडला.

कागद बरोबर घेतला, आणि तो मळू नये म्हणून मला त्याच्यावर गुंडाळलं. आटपाडीहून एस.टी., साताऱ्याला गाडी बदलून मेढा. गाडीत लोकांनी हंबीररावाच्या पायाकडे बघितलं. एका म्हाताऱ्याने सरकून खिडकीची जागा दिली. एवढंच झालं.

आकारामच्या दारात त्याची बायको धोंडुबाई उभी होती. नावं ऐकताच तिचा चेहरा कडक झाला. आकाराम जिवंत होता, परड्यात बसला होता. पाहुण्यांना बघून उठला, पण नजर वर करीना.

"त्यो चांदण्यांचा कागद मी चुलीत घातला," धोंडुबाई म्हणाली. "पलटणीनं नेला तवा मी गप ऱ्हायले. दवाखान्यात ठेवला तवा गप ऱ्हायले. घरला आला तर ह्येचं डोळं त्या कागदात. आन् वर कुण्या राहीबाईची कार्डं! एवढ्या मोठ्या आभाळात माझं नाव कुठं हाय का?"

 राहीबाई पायरीवर तिच्याजवळ बसली. "मी बी काडीपेटी घेऊन उभी हुते, बाई. तुमी ओढली, मी न्हाई ओढली. एवढाच फरक."

धोंडुबाईने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "मला त्यातलं काय येत न्हाई," ती हळूच म्हणाली.

"मला तरी कुठं येत हुतं? पहिल्याच दिशी जहाज अडकवलं. ह्यांनीच सोडवलं," राहीबाईने आकारामकडे बोट दाखवलं. मग नकाशा दाखवायला तिने माझी गुंडाळी सोडली. मी बाजूला पडलो, अर्धा उलगडलेला.

"ह्ये काय?" धोंडुबाई वाकली. तिने नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. "सारीपाट? ह्यो येतोय की मला! लगीन व्हायच्या आधी लय खेळलेय."

मित्रांनो, त्या दिवशी मेढ्याच्या त्या ओसरीवर माझे चारही हात पसरले गेले. एकेका बाजूला एकेक माणूस बसलं. कवड्या-सोंगट्या शेजारून आणल्या. आकारामने डाव्या हाताने दान टाकलं, धोंडुबाईने त्याची सोंगटी मारली, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. तो कागद कोपऱ्यात गुंडाळलेला उभा होता. मी त्याच्याकडे मुद्दाम बघितलं.

दुसऱ्या दिवशी निघताना राहीबाईने माझी घडी घातली. मला वाटलं, चला, आता घरी. तिने मला छातीशी धरलं, काठावरून, तिच्या आईच्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि धोंडुबाईच्या हातात दिलं. "ह्यो तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. आधी दोघं ह्येच्यावर खेळा. मग आमच्यासंगं आभाळात या."

कागद तिच्या पिशवीतून गेला. मी मागे राहिलो. एस.टी.चा आवाज घाटाकडे विरत गेला, तोवर मी ऐकत होतो.

इथे मला काही कमी नाही. आकारामने नवा नकाशा काढला. धोंडुबाईनेही आपला तारा मांडला, पण तिचा दंडक आहे. आधी पाटावर एक डाव, मग कार्ड. आणि नकाशा माझ्यावर अंथरू देत नाही. त्याला वेगळं पोतं आहे.

तरी आटपाडीचं कार्ड वाचलं जातं तेव्हा मी कान देऊन ऐकतो. परवाच्या कार्डात चाल लिहून झाल्यावर खाली हंबीररावाने एक ओळ खरडली होती, "राही नवा पाट शिवते. मी घरं आखून देतो."

नवा पाट! आणि घरं तो आखून देतो! मला शिवताना तो कुठे होता? सांगतो मित्रांनो, मेढ्यात आदराने राहत असूनही त्या अर्धवट शिवलेल्या कापडाचा मला असा काही हेवा वाटला की माझी गोठसुद्धा आवळली.

हेवा जात नाही. पण त्याचं काय करायचं ते मी दोन बायकांकडून शिकलो. म्हणून एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंना पायाखाली अंथरू नका. आणि तुम्ही नवा खेळ मांडाल तेव्हा दाराशी, चुलीशी कुणी नुसतं बघत बसलं असेल, तर चिंचोका पुढे करा आणि विचारा, "येतेस का? येतोस का?" नाही येत म्हणालं, तरी आणखी एकदा विचारा. काडीपेटी कुणाच्या हातात असेल, सांगता येत नाही.