पाळण्याला बांधायचं लाकूड
आमच्या चात्काल खोऱ्यात पिवळ्या फळांच्या काटेरी डोलोनोचं एकच झाड उरलं होतं. बर्फ पडला की कस्तुर पक्षी त्या फळांवरच जगायचे. शेजारच्या मेल्या तोलोगोननं ते तोडलं, चाबकांच्या मुठी करून पर्यटकांना विकल्या. त्या हिवाळ्यात अंगणात मरून पडलेले कस्तुर मी फावड्यानं उचलले.

वसंतात तोच दारात उभा. "बर्मेत आपा, नातू झालाय. दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला बांधायला डोलोनोचा तुकडा द्या ना."

माझ्या मुलांच्या पाळण्याला बांधलेला तुकडा अजून पेटीत होता.

"तुझ्याकडे ढीगभर मुठी होत्या की!"

"सगळ्या विकल्या, आपा."

"मग नोटा बांध पाळण्याला," म्हटलं आणि दार लावून घेतलं.