दारावरचा हत्ती

दाराशी लग्नाचे हत्ती रंगवायला येणारा शहापूरचा चितारी तापानं फणफणलाय, असा निरोप आला आणि उचगावात नागोजीआप्पांच्या घरी एकच गोंधळ उडाला. नात राजाक्काच्या लग्नाचं वऱ्हाड दुपारी यायचं, आणि दाराच्या दोन्ही बाजू पांढऱ्याफटक! भिंतीवर हत्ती नसलेल्या दारात नवरदेवाला उभं करायचं? लोक शेण घालतील तोंडात!

"आण्णा, तुमीच काढा की!" राजाक्का बापाला, भरमूला म्हणाली.

भरमू दोन पावलं मागं सरला. सात वर्षांचा असताना त्यानं ह्याच भिंतीवर कोळशानं हत्ती काढला होता. "डुक्कर काढलंय बघा आमच्या लेकानं!" असं म्हणत आप्पांनी चारचौघांत तो शेणानं सारवून टाकला. पुढं गावानं त्याला 'डुकऱ्या' म्हणून पिडलं. तेव्हापासून गड्यानं साधी रेघ ओढली नव्हती.

पण आज हळदीनं पिवळी झालेली लेक तांबड्या कावेची वाटी धरून समोर उभी होती.

"आण हिकडं!" भरमू एकदम म्हणाला.

शिंदीची काडी चेचून केलेला कुंचला भिंतीला टेकला मात्र, हात सुटलाच! पाठ, सोंड, झूल, अंबारी! पोरं नाचू लागली, बायका चुली सोडून धावल्या. भरमू घामानं निथळत होता आणि खदाखदा हसत होता.

एवढ्यात काठी टेकत आप्पा बाहेर आले. पोरं बाजूला सरली. म्हाताऱ्यानं भिंतीजवळ जाऊन हत्ती सोंडेपासून शेपटापर्यंत न्याहाळला.

"भरम्या," तो म्हणाला, "तवाबी हत्तीच हुता रं."